आधी हँडलबार, मग हवा, शेवटी नॉब : माउंटन बाइक अंगाला बसवण्याचा क्रम

माउंटन बाइक घरी आली की फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या आणि धक्क्याला दबणाऱ्या दोन पायांचा, लाल नॉब पहिल्याच दिवशी फिरवला जातो. हँडलबार मात्र दुकानातून आला तसाच, ७८० किंवा ८०० मिमीचा राहतो. महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. फोर्क कडक लागतो, खांदे भरून येतात, मुरमाड वळणावर पुढचं चाक निसटतं. मग कुणी हवा सोडतं, कुणी स्टेम (हँडलबार फ्रेमच्या पुढे धरणारा तुकडा) बदलतं, कुणी थेट नव्या फोर्कची किंमत विचारतं. यातला बराच खर्च आणि बराच त्रास क्रम उलटा धरल्यामुळे होतो.

बारची रुंदी बदलली की छाती वर किंवा खाली जाते. त्यासोबत पुढच्या चाकावरचा भार बदलतो आणि फोर्क किती दबतो तेही बदलतं. फोर्कमधली हवा बदलली की रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, पुन्हा लावावाच लागतो. म्हणजे एका टप्प्यात हात घातला की त्याच्या पुढचे सगळे टप्पे नव्याने तपासायचे. शेवटून सुरुवात केली तर तेच काम तीनदा करावं लागतं.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून खाली एकच उदाहरण धरलं आहे. स्वार ७२ किलोचा, उंची १७२ सेंमी. सायकल २९ इंची, पुढे १३० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे जास्तीत जास्त तितका दबणारा, हवेचा फोर्क, मागे १९० × ४५ मिमीचा शॉक (लांबी १९०, स्ट्रोक म्हणजे दबण्याचं अंतर ४५). मागे शॉक नसलेल्या हार्डटेलवाल्यांनी शॉकचा भाग सोडून पुढे जावं. स्प्रिंगच्या फोर्कसाठी वेगळा टप्पा दिला आहे.

तयारी

शॉक पंप लागतोच. चाकात हवा भरायचा पंप इथे चालत नाही. फोर्कमध्ये हवेची जागा लहान आणि दाब मोठा असतो, त्यामुळे साध्या पंपाचा एक दट्ट्या मारला की काटा कुठच्या कुठे जातो आणि नळी काढताना आतली हवाही निसटते. पेट्रोल पंपावरची किंवा पंक्चरवाल्याकडची कॉम्प्रेसरची नळी तर फोर्कला कधीच लावू नका, आतले सील एका झटक्यात जातात.

शिवाय ॲलन कीचा सेट, लहान टॉर्क रेंच, स्टीलची मोजपट्टी, इलेक्ट्रिकची चिकटपट्टी, वही-पेन आणि सायकल धरायला एक माणूस. सॅग, म्हणजे तुमच्या भाराने फोर्क किंवा शॉक दबतो ते अंतर, मोजताना अंगावर नेहमीचा सगळा सरंजाम हवा: हेल्मेट, बूट, पॅड, भरलेली पाण्याची पिशवी. घरच्या कपड्यांत मोजलेला सॅग ट्रेलवर खोटा ठरतो, कारण दोन लिटर पाणी, ट्यूब आणि हत्यारं मिळून तीन-चार किलो सहज होतात.

तपासा: फोर्क आणि शॉकचे लॉकआउट (दबणं बंद करणारी कळ) उघडे, कॉम्प्रेशनचे (दबण्याचा वेग ठरवणारे) नॉब पूर्ण उघड्या बाजूला. चमकणाऱ्या नळ्या, म्हणजे स्टँचियन, मऊ कापडाने पुसलेल्या. त्यांवर ओरखडा असेल किंवा सीलजवळ तेल पाझरत असेल तर आधी सर्व्हिस. गळक्या फोर्कवर कुठलाही आकडा टिकत नाही.

टप्पा १ : रुंदीचा अंदाज

उंची सेंमीमध्ये घ्या आणि ४.४ ने गुणा. १७२ चे साधारण ७५७ मिमी येतात, १६० चे ७०४, १८० चे ७९२. हा फक्त अंदाज आहे, कारण एकाच उंचीच्या दोन माणसांचे खांदे सारखे नसतात.

दुसरा अंदाज जमिनीवर घ्या. पालथे झोपा, डोळे मिटा आणि सहज जोर काढता येईल असे तळवे टेका. दोन-तीन जोर काढून हात जिथे स्थिरावतील तिथे थांबा आणि एका तळव्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा. दोन्ही आकड्यांत १५-२० मिमीचा फरक असेल तर मोठ्या आकड्यापासून सुरुवात करा. बार नंतर कापता येतो, वाढवता येत नाही.

टप्पा २ : न कापता चाचणी

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि मग नवा बार विकत घेतात. ग्रिपचे, ब्रेकचे आणि शिफ्टरचे बोल्ट सैल करा आणि सगळं दोन्ही बाजूंनी १० मिमी आत सरकवा. ७८० चा बार हाताला आता ७६० चा लागेल. बाहेरचं टोक बंद असलेल्या ग्रिप अशा सरकत नाहीत, त्यासाठी दोन्ही टोकं उघडी असलेल्या, बोल्टच्या कडीने आवळायच्या लॉक-ऑन ग्रिप हव्यात.

इशारा: बाहेर उरलेल्या नळीची तोंडं बुचाने बंद करा. उघडी नळी पडताना पोटात किंवा मांडीत गोल छिद्र पाडू शकते. ही चाचणी मोकळ्या, ओळखीच्या ट्रेलवर करा, झाडीत नको.

किमान दोन-तीन राइड त्याच रुंदीवर करा. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक बदल विचित्रच वाटतो. बार जास्त रुंद असेल तर हेअरपिन वळणावर बाहेरच्या हाताचं कोपर पूर्ण ताठ होतं आणि तो हात ग्रिपवरून सुटायला बघतो. मान आणि पाठीच्या दोन फऱ्यांमधली जागा भरून येते. चढावर छाती खाली ओढल्यासारखी वाटते. बार फार अरुंद असेल तर कोपरं बरगड्यांना चिकटतात, दगडावर आपटलं की बार हातातून हिसकला जातो आणि वेगात पुढचं चाक अस्थिर लागतं. जिथे उतारावर कोपरं थोडी बाहेर, थोडी वाकलेली राहतात आणि कडक वळणातही वाकलेलीच असतात, ती तुमची रुंदी.

सह्याद्रीतल्या बैलवाटांवर आणि करवंदीच्या जाळ्यांतून जाणाऱ्या पायवाटांवर ७८० चा बार वारंवार अडकतो. तुमचं सायकल चालवणं बहुतेक तिथेच असेल तर दोन आकड्यांतला लहान घ्या. मोकळ्या उतारांचा शौक असेल तर मोठा.

टप्पा ३ : बार कापणं

एकदम कापू नका. प्रत्येक बाजूला ५ मिमी कापा, एक राइड करा, गरज असेल तर आणखी ५. बारवर किंवा माहितीपत्रकात किमान रुंदी दिलेली असते, तिच्या खाली जाऊ नका.

बार स्टेममध्येच असेल तर आधी तो बरोबर मध्यावर आहे का बघा. मध्यापासून दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा, चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर खूण करा. जुन्या लॉक-ऑन ग्रिपची कडी खुणेला लागून घट्ट केली की करवतीला सरळ आधार मिळतो. पातं बारीक दातांचं, इंचाला ३२ दातांचं वापरा. ॲल्युमिनियमची कड कानशीने आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करा. पाइप कटरने कड बाहेर फुगते आणि मग ग्रिप चढत नाही. कार्बनच्या बारला पाइप कटर लावायचाच नाही. कार्बन ओला करून, मास्क घालून, हलक्या हाताने कापा, त्याची भुकटी फुफ्फुसात जाता कामा नये.

टप्पा ४ : बसवणं, कोन आणि स्टेम

आधीपेक्षा बराच रुंद बार घेतला असेल तर स्टेम लांब पडतं, कारण हात पसरले की शरीर पुढे ओढलं जातं. २० मिमी रुंदीमागे साधारण १० मिमी स्टेम कमी, हे ढोबळ गणित चालतं. जुन्या ७२० मिमी बारला ८० चं स्टेम असेल तर ७८० ला ५० च्या आसपास. विकत घेण्याआधी बारचा मधला व्यास बघा: ३१.८ मिमी, ३५ मिमी आणि जुन्या किंवा स्वस्त सायकलींवर २५.४ मिमी. ३५ चा बार ३१.८ च्या स्टेममध्ये बसत नाही.

बार थोडा मागे आणि किंचित वर वळलेला असतो. बाजूने बघताना तो वळसा फोर्कच्या कोनाच्या रेषेत आला की मनगटं सरळ राहतात. पुढे झुकवला तर करंगळी बधिर होते, मागे पाडला तर कोपरं खाली लोंबतात. ब्रेकचा लिव्हर इतका आत सरकवा की तर्जनी त्याच्या टोकाच्या वाकलेल्या भागावर पडेल आणि बाकीची तीन बोटं ग्रिपवर राहतील. नव्या सायकलींवर लिव्हर जवळजवळ नेहमीच ग्रिपला चिकटवलेले असतात. तर्जनी मग लिव्हरच्या मध्यावर पडते, जोर जास्त लागतो आणि लांब उतारावर हात आवळून येतो. दोन-अडीच सेंमीचा हा बदल फुकट आहे आणि नव्या ब्रेक पॅडांपेक्षा जास्त फरक पाडतो.

स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. वरची-खालची फट सारखी ठेवायची की वरची पूर्ण बंद करायची, हे स्टेमवर किंवा माहितीपत्रकात दिलेलं असतं. टॉर्कही तिथेच छापलेला असतो, बहुतेकदा ४ ते ६ न्यूटन-मीटर. कार्बन बारला ग्रीस लावू नका, कार्बन पेस्ट लावा.

तपासा: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटपाशी (फ्रेममध्ये फोर्क फिरतो त्या बेअरिंगपाशी) "टक्" लागलं तर स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, वरच्या टोपीचा बोल्ट हलका आवळा, मग बाजूचे पुन्हा घट्ट करा. टोपीचा बोल्ट स्टेम धरून ठेवण्यासाठी नसतो, तो फक्त हेडसेटची ढिलाई काढतो.

टप्पा ५ : टायरची हवा

फोर्कला हात लावण्याआधी टायर. टायरमध्ये ४० पीएसआय असतील तर उत्तम फोर्कही बारीक खडे हातापर्यंत पोचवतो आणि दोष फोर्कच्या माथी येतो. ७२ किलोच्या स्वाराला २९ × २.३ च्या ट्यूबलेस टायरला पुढे २०-२२, मागे २३-२५ पीएसआयपासून सुरुवात करता येते. ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर चिमटा बसून पंक्चर होतं. आकडा वहीत लिहा आणि पुढचे सगळे टप्पे संपेपर्यंत तो बदलू नका.

टप्पा ६ : सॅग

तुम्ही सायकलवर उभे राहिल्यावर फोर्क किंवा शॉक जितका दबतो तो सॅग. फोर्कला ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के, मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के. आपल्या उदाहरणात फोर्कला २० ते २६ मिमी.

मागे सगळ्यात मोठी चूक इथे होते. शॉकचा सॅग चाकाच्या ट्रॅव्हलवर नाही, शॉकच्या स्ट्रोकवर मोजायचा. आपला स्ट्रोक ४५ मिमी, त्याचे २८ टक्के म्हणजे साडेबारा मिमी. चाकाचा ट्रॅव्हल समजा १२५ मिमी धरून ३० टक्के काढले तर साडेसदतीस मिमी येतात. म्हणजे शॉक उभ्या-उभ्याच तळाला टेकायला आलेला.

हवा भरण्याची रीत :

१. फोर्कच्या खालच्या पायावर वजनानुसार दाबाचा तक्ता असतो. तो सुरुवातीचा आकडा. मागच्या शॉकला किलोतलं वजन पाउंडात करून तितके पीएसआय भरतात (७२ किलोचे साधारण १५९), पण फ्रेमच्या रचनेनुसार हा आकडा बराच हलतो, म्हणून त्यावर थांबू नका.

२. अर्धा दाब भरा, नळी काढा आणि फोर्क पाव ट्रॅव्हलपर्यंत दहा वेळा हळूहळू दाबा. आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब असा सारखा होतो. मग पूर्ण दाब भरा आणि पुन्हा दहा वेळा. हे टाळलं तर काट्यावर बरोबर आकडा दिसतो आणि फोर्क मात्र कडक राहतो किंवा खाली ओढलेला राहतो.

३. सायकल भिंतीला किंवा माणसाला टेकवा. पेडलवर उभे राहा, गुडघे आणि कोपरं वाकलेली, नजर पुढे. दोन-तीनदा हलके उसळा, स्थिर व्हा. जोडीदाराने नळीवरची रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, सीलपर्यंत खाली सरकवावी. मग ब्रेक न दाबता हळूच उतरा आणि सील ते ओ-रिंग अंतर मोजा. ओ-रिंग नसेल तर केबल टाय सैल बांधा, मोजून झाल्यावर काढून टाका.

४. सॅग जास्त असेल तर फोर्कमध्ये ३ ते ५, शॉकमध्ये ५ ते १० पीएसआय वाढवा, दहा वेळा दाबा, पुन्हा मोजा. तीन मोजमापं एकसारखी येईपर्यंत पुढे जाऊ नका.

इशारा: पंपाची नळी काढताना येणारा "फुस्स" आवाज बहुतेक नळीतल्या हवेचा असतो. पुन्हा नळी लावली की काटा कमी दाखवतो, कारण फोर्कमधली थोडी हवा नळी भरायला जाते. "हवा गळतेय" म्हणून प्रत्येक वेळी वर पाच-दहा पीएसआय टाकत राहणारे कितीतरी जण आठवड्याभरात कडक फोर्कवर बसलेले असतात.

ऊन आणि थंडीचाही हिशेब ठेवा. १५ अंशाच्या पहाटे ८० पीएसआयला लावलेला फोर्क ३८ अंशाच्या दुपारी सात-आठ पीएसआय वर गेलेला असतो. जानेवारीत लावलेला सॅग एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. गाडीच्या छतावरून उन्हात आलेल्या सायकलची हवा लगेच तपासू नका, सावलीत निवू द्या.

टप्पा ७ : रिबाउंड

दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते हा नॉब ठरवतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला की हळू, उलट फिरवला की वेगात. नेहमी पूर्ण बंद बाजूला नेऊन तिथून उलटे क्लिक मोजा आणि तो आकडा लिहा. टोकाला नॉब जोराने पिळू नका.

मधल्या क्लिकपासून सुरुवात करा. फोर्कसाठी: बारवर छातीचा भार टाकून जोरात दाबा आणि हात एकदम वर घ्या. चाक जमिनीवरून उडालं तर दोन क्लिक हळू. मागच्या शॉकसाठी: सीटवर बसून साधारण १५ सेंमीच्या फुटपाथवरून सरळ उतरा. मागची बाजू एकदा उसळून स्थिर झाली तर बरोबर. दोन-तीनदा डुलली तर हळू करा, उसळी न घेता वर यायला आळस केला तर वेगात.

यातली एक चूक सविस्तर सांगायला हवी, कारण तिचं निदान जवळजवळ नेहमी उलटं होतं. रिबाउंड फार हळू असेल तर पहिल्या दगडावर फोर्क २० मिमी दबतो आणि दुसरा दगड येईपर्यंत ५-१० मिमीच वर येतो. दुसऱ्यावर आणखी दबतो, तिसऱ्यावर आणखी. पाच-सहा दगडांनंतर तो ट्रॅव्हलच्या खालच्या अर्ध्यात अडकून बसतो, जिथे हवा दाबली जाऊन कडक झालेली असते. हातांना फोर्क दगडासारखा लागतो. स्वार म्हणतो, "फोर्क कडक आहे", आणि हवा सोडतो. आता फोर्क आणखी खाली बसतो आणि त्रास वाढतो. ओळखायची खूण अशी: पहिला-दुसरा दगड मऊ लागतो आणि ओळीतला सहावा कडक. असं असेल तर हवेला हात लावू नका, रिबाउंड दोन क्लिक वेगात करा. पहिलाच दगड कडक लागत असेल तरच हवा किंवा टायर बघा. पुण्याच्या वेताळ टेकडीच्या मुरमाड उतारांवर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर हा फरक दोन मिनिटांत कळतो.

तपासा: हवा ५ पीएसआयपेक्षा जास्त बदलली की रिबाउंडची चाचणी पुन्हा. हवा वाढली तर एखादा क्लिक हळू, कमी केली तर वेगात.

टप्पा ८ : कॉम्प्रेशन आणि टोकन

कॉम्प्रेशन उघडं ठेवूनच पहिल्या पाच-सहा राइड करा. तीव्र उतारावर ब्रेक दाबताच फोर्क पुढे बुडत असेल आणि सॅग बरोबर असेल, तर एक-दोन क्लिक लावा. त्याहून जास्त लागत असेल तर बहुधा हवा कमी आहे. लॉकआउट डांबरी चढासाठी. तो उतारावर उघडायला विसरणं ही इतकी नेहमीची चूक आहे की चढ संपला की हात तिकडे गेलाच पाहिजे.

नेहमीच्या ट्रेलवर सगळ्यात जड धक्क्यानंतर ओ-रिंग बघा. ट्रॅव्हलच्या ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. राइडमध्ये एखाद्या वेळी पूर्ण ट्रॅव्हल गेला तरी चिंता नाही. सॅग बरोबर असूनही फोर्क वारंवार तळाला आपटत असेल तर आत एक टोकन, म्हणजे हवेची जागा कमी करणारा छोटा तुकडा, वाढवा. सॅग बरोबर असूनही पाऊण ट्रॅव्हलच्या पुढे कधीच जात नसेल तर एक काढा. टोकनने सुरुवातीचा मऊपणा फारसा बदलत नाही, शेवटचा भाग कडक होतो. म्हणूनच आपटणाऱ्या फोर्कमध्ये हवा वाढवत जाणं चुकीचं आहे, त्याने सगळाच ट्रॅव्हल कडक होतो.

इशारा: टोकनसाठी टोपी उघडण्याआधी झडपेतून सगळी हवा सोडा. दाबाखालची टोपी गोळीसारखी उडते. एका वेळी एकच टोकन.

स्प्रिंगचा फोर्क असेल तर

भारतात विकल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या किमतीच्या बहुतेक सायकलींवर स्प्रिंगचाच फोर्क असतो, झडप नसते. डाव्या पायावरचा नॉब प्रीलोडचा. तो फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. सॅग त्याने थोडा कमी-जास्त होतो, तळाला आपटणं थांबत नाही. प्रीलोड पूर्ण आवळूनही सॅग ३० टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. त्या फोर्कसाठी कडक स्प्रिंग मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर टायर आणि बार नीट लावून वेग बेताचा ठेवा. प्रीलोड पूर्ण सैल असूनही फोर्क जेमतेम हलत असेल तर स्प्रिंग कडक आहे किंवा आत गंज आणि चिखल आहे. पावसाळ्यात दुसरं कारण जास्त सापडतं.

टप्पा ९ : एकाच वाटेवर, एका वेळी एकच बदल

तीन ते पाच मिनिटांचा एक तुकडा निवडा, ज्यात सलग दगड, एक कडक वळण आणि एक छोटा ड्रॉप, म्हणजे पायरीसारखी उतरण, असेल. बदल न करता दोनदा जा, मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा दोनदा जा. हवा आणि रिबाउंड एकत्र बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. वहीत तारीख, तापमान, टायर, फोर्क आणि शॉकचा दाब, सॅग मिमीमध्ये आणि रिबाउंडचे क्लिक लिहा.

पावसाळी राइडनंतर सीलवर प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका, पाणी सीलच्या आत ढकललं जातं. ओल्या कापडाने नळ्या पुसा, कोरड्या करा. चेनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे सीलवर नको, त्याने आतलं ग्रीस धुतलं जातं आणि धूळ चिकटते. फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस साधारण ५० तासांनी, चिखलात जास्त चालत असेल तर आधी. सर्व्हिसनंतर फोर्क मऊ चालतो, म्हणून घरी आणल्यावर सॅग आणि रिबाउंड पुन्हा मोजा.